रंगाखालचा जोड

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठी माणसं बोलून जातात. संतसाहित्य झालं, इतिहास झाला, मधुमेह झाला, गुंतवणूक झाली. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, आम्ही रविवारी सायकलची फ्रेम बनवणारी माणसं, आम्ही काय बोलणार? सेक्रेटरी म्हणाले, तेच बोला. गावात कोण काय करतं ते गावाला कळू दे. म्हणून उभे आहोत.

'आम्ही' म्हणजे चौघे. एक उद्यमबागेत तीस वर्षं लेथ चालवणारे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. एक शहापूरचा सोनार. एक लांब पल्ल्याची सायकल चालवणारा. आणि चौथा सरकारी खात्यात नोकरी करणारा डिप्लोमावाला, जो आत्ता तुमच्यापुढे बोलतोय. पण काम चौघांचं आहे, चूकही चौघांची आहे, म्हणून शेवटपर्यंत 'आम्ही' असंच म्हणणार आहोत. चूक कुठली, ते पुढे येईल. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक वस्तू ठेवली आहे, तीही तेव्हाच उघडू.

आधी एक आठवण काढा. चाळिशीच्या पुढच्या मंडळींनी सायकल कशी शिकली? तासावर भाड्यानं मिळणारी बावीस इंची काळी सायकल. सीटवर बसलं तर पाय पुरत नाहीत. मग दांडीखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडे घालायचा आणि वाकडं होऊन हाफ पॅडल मारायचं. गुडघे फुटायचे, चड्डीला चेनचं काळं लागायचं, घरी दोन धपाटे मिळायचे. म्हणजे आपण सगळे दुसऱ्याच्या मापाच्या सायकलीवर शिकलो. पुढं मोठे झालो आणि वाटलं, आता सायकल आपल्या मापाची झाली. खरं तर आपण तिच्या मापाचे झालो होतो.

आणि जे झाले नाहीत त्यांचं काय? आपल्याच घरातल्या बायका बघा. चार फूट अकरा इंच, पाच फूट. दुकानात गेलं की दुकानदार पोरींची सायकल पुढं करतो, नाहीतर सीट पार खाली दाबून मोठीच सायकल गळ्यात मारतो. मग मान दुखते, मनगट दुखतं, आणि सहा महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते. लोक म्हणतात, हौस संपली. हौस संपलेली नसते, माप चुकलेलं असतं.

कारखान्यांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. सोनीपतला १९५१ साली अ‍ॅटलस सुरू झाली, लुधियानात १९५६ साली हीरो सुरू झाली, म्हणून तर आपल्या वडिलांना सायकल परवडली. लाखांनी बनवायची तर दोन-तीन मापांतच बनवावी लागते. पण त्या मापांत न बसणाऱ्या माणसासाठी, त्याच्या अंगाचं माप घेऊन हातानं फ्रेम बांधणारे छोटे कारागीर जगात पहिल्यापासून आहेत. विमानवाले राइट बंधू माहीत आहेत ना? अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवून विकत होते. १९०३ च्या उड्डाणामागे त्या दुकानाचा पैसा आणि त्या दुकानातला हात होता. १९७२ साली मेक्सिको सिटीत एडी मर्क्स यानं एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. ती सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागो या कारागिरानं खास त्याच्यासाठी बांधली होती. जपानमध्ये केरिन नावाच्या शर्यती १९४८ पासून चालू आहेत. त्यातल्या पारंपरिक शर्यतींच्या सायकलींना आजही पोलादी फ्रेम लागते, आणि ती मान्यताप्राप्त कारागिराकडूनच घ्यावी लागते.

आमची सुरुवात इतकी थोर नव्हती. भंगारात एक जुनी काळी सायकल मिळाली. फ्रेम वाकलेली, पण तिचे लग चांगले होते. लग म्हणजे नळ्यांची तोंडं ज्यात बसतात ते पोलादी सांधे. लेथवाले मामा म्हणाले, तापवून सोडवू या, नवीन नळ्या घालू या, बघू काय होतं ते. तेवढ्यावर रविवार सुरू झाला. ती पहिली सायकल आजही मामांच्या घरी आहे. थोडी डावीकडे ओढते, पण भाजी आणायला चालते.

आता फ्रेम कशी बनते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

पहिली गोष्ट माप. माणसाला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं करायचं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरून घट्ट वर घ्यायचं, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. त्या आकड्याला ०.८८३ नं गुणलं की पॅडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते. मग हात, खांदे, धड. मग विचारायचं की सायकल कशाला हवी? घाट चढायला, बाजाराला, की मागे कुणाला बसवायला? प्रत्येक उत्तरानं आराखडा बदलतो. पुढच्या नळीचा कोन साधारण ७१ ते ७३ अंश. एका अंशानं बदलला तरी हँडल अवखळ होतं किंवा जड होतं. हा सगळा आराखडा आम्ही प्लायवूडवर कागद ताणून पूर्ण आकारात काढतो. डिप्लोमाच्या वेळचा मिनी ड्राफ्टर माळ्यावरून खाली आला तो याच कामासाठी.

दुसरी गोष्ट नळी. चांगल्या सायकलीची नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असते. ती दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. टोकाला ०.९ मिलिमीटर, मध्ये ०.६. ताण टोकांना जास्त येतो, जोडताना तापतंही टोकच, म्हणून जाडी तिथं. मध्ये उगाच वजन कशाला वाहायचं? अशा नळ्या ओढण्याची युक्ती इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली पेटंट केली आणि १९३५ साली त्यांची ५३१ नावाची नळी आली. जुने सायकलवाले तिचं नाव अजून आदरानं घेतात. आपल्याकडे अशा नळ्या बाहेरून मागवाव्या लागतात, आणि एका संचाला एका बऱ्यापैकी नव्या सायकलीइतके पैसे पडतात. स्वस्तात पडतं म्हणून हा छंद कुणी करू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरी गोष्ट कानस. गोल नळीला गोल नळी भिडवायची तर तिचं तोंड माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं. कागदाचा साचा गुंडाळून रेघ मारायची, हॅक्सॉनं जवळपास कापायचं, आणि अर्धगोल कानशीनं घासत राहायचं. घासायचं, लावून बघायचं, उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. एका नळीच्या दोन तोंडांना आमचा एक अख्खा रविवार जायचा. घरच्यांना वाटायचं, हे चार शहाणे बसून करतात तरी काय? उजेड घालवतो, दुसरं काय.

चौथी गोष्ट जोड, आणि इथं आमचा सोनार कामाला आला. आपण ज्याला वेल्डिंग म्हणतो त्यात दोन्ही तुकडे स्वतःच वितळतात. आम्ही करतो ते ब्रेझिंग, म्हणजे सोनाराच्या डाख देण्याचा मोठा भाऊ. पोलाद वितळायला जवळजवळ दीड हजार अंश सेल्सिअस लागतात, पितळेची कांडी नऊशेच्या आसपास वितळते. म्हणजे नळी वितळत नाही, नुसती लालबुंद होते, आणि नळी व लग यांच्यामधल्या बारीक फटीत पितळ आपणहून शिरतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच. चांदीची कांडी वापरली तर सातशेच्या आतबाहेर काम होतं, पण ती महाग, आणि तिला फट फारच बारीक लागते.

जोड आधी एमरी पेपरनं चकचकीत करायचा. मग टाकणखार लावायचा. सोनाराकडे असतो तोच. ताप लागला की तो आधी लाहीसारखा पांढरा फुलतो, मग बसतो, आणि काचेसारखा पातळ होऊन धातूवर पसरतो. तो धातूला हवा लागू देत नाही. काच झाली की समजायचं, वेळ जवळ आली. नळी डाळिंबी लाल, मग किंचित नारिंगी. तेव्हा कांडी टेकवायची. जास्त तापलं तर पितळेतलं जस्त उडून पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत जाता कामा नये, म्हणून हे काम उघड्यावर करायचं. काही चांदीच्या कांड्यांत कॅडमियम असतं, ते तर विषच, त्या कांड्या घ्यायच्याच नाहीत. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या जवळपास तेल-ग्रीसचा हात न्यायचा नाही. आणि बंद नळीला हवा जायला बारीक भोक ठेवायचं, नाहीतर आतली हवा तापून फुगते आणि वितळलेलं पितळ बाहेर ढकलते. या गोष्टी आम्ही पुस्तकातून वाचल्या, थोड्या हात भाजून शिकलो.

पण एक गोष्ट सोनारानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. तो म्हणाला, "कांडी आगीनं वितळवू नका. दागिन्यानं वितळली पाहिजे." म्हणजे ज्योत कांडीवर धरायची नाही. नळी आणि लग इतके तापले पाहिजेत की कांडी नुसती टेकवली तरी पाणी झाली पाहिजे. ज्योतीनं वितळवलेलं पितळ थंड नळीवर मेणासारखं बसतं, आत जात नाही. आणि दुसरं, कांडी एकाच कडेनं द्यायची, ज्योत पलीकडच्या कडेला न्यायची. पितळ उष्णतेच्या मागे धावतं. पलीकडच्या कडेला त्याची सोनेरी रेघ उमटली, तरच समजायचं की मधली सगळी फट भरली. आम्ही माना डोलावल्या. शब्द कळले होते, हाताला कळायचे होते.

दुसरी फ्रेम आमच्या लांब पल्ल्यावाल्याची केली. तो ब्रेव्हेला जातो. म्हणजे शर्यत नाही, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर पुरं करायचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस तास, सहाशेला चाळीस. पहिल्यांदाच पोलादी नळ्यांचा महागडा संच आणला होता. फ्रेम नुसती दोन किलोची झाली. पावडर कोटिंग करून आणली तेव्हा तिच्यावरून हात फिरवत आम्ही चहा दोनदा प्यालो.

त्याच महिन्यांत तिसरी फ्रेम घेतली. ही पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासाठी होती. आपल्याच वस्तीतल्या एक शिक्षिका. त्या आज समोर बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच हे सांगतो आहोत. उंची चार फूट अकरा इंच. पुस्तक धरून घेतलेलं माप ६८ सेंटिमीटर, म्हणजे सीटची उंची ६० च्या आसपास. इतक्या लहान फ्रेमला हल्लीचं मोठं चाक लावलं तर वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो. म्हणून आम्ही सव्वीस इंची चाक घेतलं, ज्याचे टायर कुठल्याही गल्लीत मिळतात. ताईंची मुलगी तेव्हा दुसरीत होती, ती मागे कॅरिअरवर बसणार होती. म्हणून मागच्या नळ्या ४४० मिलिमीटर, रेसच्या सायकलीपेक्षा तीन सेंटिमीटर लांब, आणि थोड्या जाड. दांडी साडी नेसूनही पाय टाकता येईल इतकी खाली. सायकल घेऊन ताई पहिल्या दिवशी शाळेला गेल्या आणि परत येताना मुद्दाम आमच्या शेडवरून आल्या. म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा सीटवर बसून दोन्ही पाय पॅडलला नीट पुरले." त्या वाक्यावर आम्ही किती दिवस हवेत होतो ते विचारू नका.

पाच महिने गेले. पावसाळा संपला. आमचा लांब पल्ल्यावाला चोर्ला घाटातून परत आला आणि म्हणाला, चढावर उभं राहून पॅडल मारलं की कट् कट् आवाज येतो. सायकलवाल्यांना माहीत आहे, आवाजाचं मूळ सापडणं कठीण. आम्ही सीटची नळी काढून ग्रीस लावलं. पॅडल आवळले. मधल्या आसाचे कप काढले, उजव्या बाजूला उलटे आटे असतात हे विसरून आधी तेच आवळत बसलो. आवाज गेला नाही. शेवटी रविवारी सकाळी उन्हात सायकल उलटी करून बघताना मामांना पुढच्या खालच्या लगच्या कडेला रंगात एक केस दिसला. पुसला, गेला नाही. नख फिरवलं, नख अडकलं.

त्याच दिवशी आम्ही ती फ्रेम कापली. हॅक्सॉनं, लगच्या मधून उभी. मामांनी कापलेलं तोंड घासून साफ केलं आणि आमच्याकडे न बघता टेबलावर ठेवलं. दोन्ही कडांना पितळेची सुंदर सोनेरी रेघ होती, आणि मध्ये काही नव्हतं. काळी पोकळी, तिच्यात टाकणखाराची काच अडकलेली. काय झालं होतं ते लगेच कळलं. पलीकडे रेघ उमटेना म्हणून आम्ही पलीकडूनही कांडी दिली होती. बाहेरून दोन्ही कडा भरलेल्या दिसल्या, आत हवा आणि खार कोंडला गेला. मग कानस मारून गुळगुळीत केलं आणि वरून रंग. जो जोड आम्हाला सगळ्यात देखणा वाटला होता तोच खोटा होता.

तार वाकवून सरळ करत राहिलं की तुटते. प्रत्येक पॅडलला फ्रेम किंचित वाकते आणि परत येते. तीनशे किलोमीटरमध्ये हे हजारो वेळा होतं. जोडात जिथं पकड नाही तिथून चीर सुरू होते आणि रोज केसभर पुढं सरकते. आमच्या मित्राचं नशीब की पोलाद आधी आवाज देतं. तो चोर्ल्याच्या उतारावर असताना सुटलं असतं तर आज आम्ही इथं या विषयावर बोलत नसतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

ताईंची फ्रेम त्याच महिन्यांत, त्याच हातांनी, त्याच पद्धतीनं बांधली होती. हे आम्हा चौघांनाही त्याच क्षणी आठवलं, आणि चौघांपैकी कुणीही बोललं नाही. संध्याकाळी बोललो, तेव्हा बोललो ते असं. त्यांचे जोड आपण नंतर केले, तोवर हात बसला होता. त्या काही घाट चढत नाहीत. आवाज तर येत नाही ना? आला की बघू. एखाद्या रविवारी सर्व्हिसिंगच्या निमित्तानं बोलावून हळूच तपासू. उगाच घाबरवायचं कशाला? आणि खरं कारण, जे कुणी उच्चारलं नाही, ते असं की गावात आमचं नाव नुकतंच झालं होतं.

आठ दिवस गेले. रोज सकाळी पावणेआठला ताई शेडवरून जायच्या. मागे मुलगी, पाठीवर दप्तर. हात करायची. आम्हीही हात करायचो.

पुढच्या सोमवारी रात्री आम्ही चौघे त्यांच्या दारात गेलो. जे होतं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"मागच्या रविवारी."

"आज सोमवार आहे."

आम्ही गप्प.

"म्हणजे आठ दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि आठ दिवस माझी मुलगी त्या सायकलवर बसत होती."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांच्या यजमानांनी सायकल जिन्यातून खाली आणून दिली. पैसे परत देऊ केले ते त्यांनी घेतले. घ्यायलाच हवे होते. चहा विचारला नाही, आणि तेही बरोबरच होतं.

त्यांची फ्रेमही आम्ही कापली. चारही जोड. तीन पक्के निघाले, काठोकाठ भरलेले. चौथ्यात, पुढच्या खालच्या जोडात, बोटाच्या नखाएवढी पोकळी होती. ती फ्रेम तुटली असती का? सांगता येत नाही. कदाचित वीस वर्षं चालली असती. पण 'कदाचित' या शब्दावर दुसऱ्याच्या मुलीला बसवायचा अधिकार आम्हाला नव्हता.

(येथे वक्त्यांनी टेबलावरचे वर्तमानपत्र सोडून कापलेला जोड सभेला दाखविला.)

हाच तो तुकडा. भाषण झाल्यावर हातात घेऊन बघा. आधी बाहेरून बघा, मग आतून.

त्यानंतर आम्ही तीन महिने शेडला कुलूप लावलं. वाटलं, पुरे झालं. आपण नोकरदार माणसं, कुणी सांगितलं हे? मग एका रविवारी सोनारच किल्ली घेऊन आला. म्हणाला, "माझ्या धंद्यात खोटा डाख लागला तर सोनार दागिना परत घेतो आणि नव्यानं करून देतो. दुकान बंद करत नाही."

उपाय मात्र सरकारी खात्यातून सापडला. बांधकामाच्या कामात एक जुना नियम आहे, तो इथल्या कित्येकांना माहीत असेल. जे काम नंतर झाकलं जाणार, त्याचं मोजमाप झाकण्यापूर्वी घ्यायचं. पायाची खोली माती भरण्याआधी मोजायची, सळ्या काँक्रीट ओतण्याआधी मोजायच्या, आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद करून सही करायची. एकदा माती पडली की आत काय आहे ते देवाला आणि ठेकेदारालाच ठाऊक. नोकरीत जो नियम रोज पाळतो तो छंदात आम्हाला सुचला नव्हता. तिथं वाटत होतं, आपलंच काम आहे, आपल्यालाच कोण विचारणार?

आता आमच्याकडे एक मोजमाप पुस्तिका आहे. प्रत्येक फ्रेमला एक पान. प्रत्येक जोडाला एक ओळ. फट किती होती, कांडी कुठल्या कडेनं दिली, पलीकडे रेघ आपणहून उमटली का. उमटली नाही तर तो जोड मोडायचा, दुसऱ्या कडेला कांडी लावायची नाही. ज्यानं जोड केला त्यानं सही करायची नाही, दुसऱ्यानं करायची. कानस मारायच्या आधी टाकणखाराची काच गरम पाण्यात भिजवून काढायची आणि भिंगातून बघायचं. प्रत्येक नव्या संचाबरोबर तुकडे जोडून एक जादा जोड करायचा आणि तो कापायचा. म्हणजे दर वेळी एक जोड फुकट जातो. तो फुकट जातो असं आम्हाला आता वाटत नाही.

फ्रेम सरळ आहे की नाही ते बघायला आम्ही दोरा वापरतो. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा पुढे न्यायचा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणायचा. मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ. यंत्र लाखाचं असेल, पण दोराही खोटं बोलत नाही. शेवटी नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवायचं, कारण आपल्याकडचा पाऊस बाहेरून कमी आणि आतून जास्त खातो. आणि मगच रंग.

या पद्धतीनं पुढची पहिली फ्रेम कुणासाठी करायची यावर चर्चा झाली नाही. माप होतंच. आराखडा होताच. पाच महिने लागले. झाल्यावर, रंग देण्याआधी, उघड्या पोलादाची, सोनेरी रेघांची ती फ्रेम आणि ती पुस्तिका घेऊन आम्ही पुन्हा त्याच दारात गेलो. म्हटलं, ताई, घ्या असं आमचं म्हणणं नाही. फक्त बघा. आधी रंग दिलेली दाखवली होती, ही उघडी दाखवतो आहोत.

त्यांनी पुस्तिका चाळली. शिक्षिकाच त्या, प्रत्येक ओळ वाचली. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथं 'मोडला, पुन्हा केला' असं दोनदा का लिहिलंय?" आम्ही सांगितलं, दोनदा मनासारखा झाला नाही म्हणून. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "रंग निळा द्या." आणि त्या दिवशी चहा झाला.

त्यांची मुलगी आता चौथीत आहे. मागे बसायला लाजते, स्वतःची सायकल हवी म्हणते. तिचं माप घेऊन ठेवलं आहे, पण पोरीचं माप दर सहा महिन्यांनी बदलतं, तेव्हा थोडं थांबलो आहोत.

आमच्याकडे तरुण मुलं येतात, विचारतात, काका, हे शिकता येईल का? जरूर या. उद्यमबागेच्या या गावात लेथची, गॅसची, कानशीची माणसं गल्लोगल्ली आहेत. असा छंद करायला याहून चांगली जागा कुठली? मिशा फुटायच्या आधी कानस धरली तर हात लवकर बसतो. पण पहिले सहा महिने फक्त जोड करायचे आणि कापायचे. सायकल बनवायची नाही. आणि कुणाला बसवायची तर आधी स्वतः हजार किलोमीटर चालवायची. एवढी अट मान्य असेल त्यानं रविवारी सकाळी सातला यावं. येताना जुनी पॅन्ट घालून यावं.

आजपासून बाप्पाची आरास सुरू आहे. आपण सगळेच काही ना काही जोडणारी माणसं आहोत. कुणी मांडवाचे बांबू बांधतं, कुणी वायरी जोडतं, कुणी हिशेब जुळवतं. मांडवातल्या पोरांना एवढंच सांगणं आहे की वायरीचा जोड टेपनं झाकण्याआधी दुसऱ्याला दाखवा. आणि झाकल्यावर शंका आली तर त्याच रात्री सांगा. आठ दिवस थांबू नका. आम्ही थांबलो होतो, ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.



गणपती बाप्पा मोरया!